मुलाखतीचे बोलावणे : स्वीकार केव्हा, नकार केव्हा?

‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की गावोगावच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रवेशाची धावपळ सुरू होते. अर्ज, दाखले, पसंतीक्रम, फेऱ्या या गडबडीत काही मोजक्या घरी आणखी एक संदेश येऊन थडकतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाने, म्हणजेच सर्वपरिचित ए.एफ.एम.सी.ने, विद्यार्थ्यास चाचणी व मुलाखतीसाठी पाचारण केलेले असते. घरच्यांना आनंद होतो आणि त्याच वेळी प्रश्नही पडतो. जावे की न जावे? गेल्यास राज्याच्या यादीतील जागा हातची जाईल काय? न गेल्यास चालून आलेली संधी दवडल्यासारखे होईल काय?

असा प्रश्न घेऊन पालक बहुधा प्रथम शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, गावच्या सरपंचांकडे किंवा ओळखीच्या सरकारी अधिकाऱ्याकडे येतात. त्यांना योग्य सल्ला देता यावा, या हेतूने या निवडपद्धतीची व त्यामागील जबाबदाऱ्यांची माहिती येथे दिली आहे.

मुलाखत कोठे उरली आहे?

एके काळी देशातील अनेक वैद्यकीय संस्था आपापल्या पद्धतीने विद्यार्थी निवडीत असत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाची स्वतःची निवडपद्धती देशभर प्रसिद्ध होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ‘नीट’ ही देशव्यापी परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि २०२० पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांचे एम.बी.बी.एस. प्रवेशही तिच्याच कक्षेत आले. आज या अभ्यासक्रमाच्या जवळजवळ सर्व जागा ‘नीट’मधील गुणानुक्रमानेच भरल्या जातात. मुलाखतीला त्यात स्थान नाही.

याला ठळक अपवाद म्हणजे पुण्यातील वानवडी येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. १ मे १९४८ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेत पदवीपूर्व शिक्षणाची शाखा १९६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. ही संस्था नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. अलीकडच्या वर्षांत येथे दरसाल १५० विद्यार्थ्यांना प्रवेश दिला जातो. त्यांपैकी ११५ जागा मुलांसाठी, ३० मुलींसाठी आणि ५ मित्रराष्ट्रांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. मुलींच्या जागा कमी असल्याने त्यांच्यातील चुरस अधिक तीव्र असते.

येथील निवड केवळ ‘नीट’च्या गुणांवर होत नाही. उमेदवाराने वैद्यकीय समुपदेशन समितीकडे नोंदणी करताना या महाविद्यालयाचा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो. हा पर्याय निवडलेल्यांमधून ‘नीट’च्या गुणांनुसार उपलब्ध जागांच्या कित्येक पट उमेदवारांची यादी केली जाते व त्यांना पुण्यास बोलावले जाते. तेथे इंग्रजी भाषा, आकलन व तर्कशक्ती यांची संगणकावरील चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी व प्रत्यक्ष मुलाखत होते. त्यानंतर गुणवत्ता यादी तयार होते. वैद्यकीय तपासणीत पात्र ठरणाऱ्यासच अंतिम प्रवेश मिळतो.

ही पद्धत वेगळी असण्याचे कारण उघड आहे. येथे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडला जात असतो. तो पुढे डॉक्टर म्हणून त्या दलांत काम करणार असतो.

बोलावण्यामागील बांधिलकी

या महाविद्यालयात शिक्षणशुल्क घेतले जात नाही. शिक्षण निवासी असून विद्यार्थ्यास ‘वैद्यकीय कॅडेट’ म्हणून शिस्तीत राहावे लागते. साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता असा अभ्यासक्रम असतो. प्रवेशासाठी उमेदवार अविवाहित असावा लागतो व शिक्षण चालू असताना विवाह करता येत नाही.

पदवीनंतर भूदल, नौदल किंवा वायुदल यांपैकी एका दलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून दाखल होणे बंधनकारक असते. काहींना कायम स्वरूपाचे, तर काहींना सात वर्षांच्या अल्पसेवेचे कमिशन मिळते. ही सेवा नाकारल्यास बंधपत्रानुसार शासनाला मोठी रक्कम भरावी लागते. ही रक्कम वेळोवेळी बदलत असल्याने त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच ती पाहणे अगत्याचे आहे. शेजाऱ्याच्या मुलाने चार वर्षांपूर्वी भरलेल्या बंधपत्राचा आकडा आज उपयोगी पडत नाही.

येथे एक तुलना करणे उचित ठरेल. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यांवरही एक वर्षाच्या सामाजिक उत्तरदायित्व सेवेचे बंधन असते. तेव्हा बंधन येथे आहे आणि तेथे नाही, असा प्रकार नाही. फरक आहे तो सेवेच्या मुदतीचा व स्वरूपाचा. एकीकडे राज्यातील आरोग्य यंत्रणेत एक वर्ष, तर दुसरीकडे लडाखपासून अंदमानपर्यंत आणि लष्करी रुग्णालयापासून युद्धनौकेपर्यंत कोठेही अनेक वर्षे.

या सेवेचे मोलही सांगावयास हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा लष्कराची वैद्यकीय पथके मदतीस धावून आली होती. लातूर-उस्मानाबाद भागातील जुन्या पिढीच्या ते अद्याप स्मरणात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हाही भारतीय सैन्याच्या क्षेत्रीय रुग्णालयाने तेथे जाऊन जखमींवर उपचार केले. या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी डॉ. पुनीता अरोरा २००४ साली भारतीय सैन्यातील पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. येथीलच माजी विद्यार्थिनी डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या व निवृत्तीनंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सशस्त्र दलांच्या संपूर्ण वैद्यकीय सेवेची धुरा प्रथमच एका महिलेकडे, डॉ. आरती सरीन यांच्याकडे आली. त्याही याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत.

नकाराचे चार दरवाजे

या निवडीत ‘नाही’ म्हणण्याचे प्रसंग चार असतात. प्रत्येक पुढच्या प्रसंगी नकाराची किंमत वाढत जाते, ही गोष्ट पालकांच्या मनावर प्रथम बिंबविली पाहिजे.

पहिला दरवाजा नोंदणीचा. या महाविद्यालयाचा पर्यायच न निवडणे, हा सर्वांत स्वस्त नकार होय. त्यात कोणाचेही नुकसान नाही. सैन्यसेवेची इच्छाच नसलेल्या विद्यार्थ्याने येथेच थांबावे. ‘बघू तर खरे, नाव येते का’ असे म्हणून पर्याय निवडणाऱ्याचे नाव यादीत आले, तर यादीच्या शेवटाशी असलेल्या, मनापासून इच्छुक अशा दुसऱ्या उमेदवाराचे नाव बाहेर राहते. तो उमेदवार कोण होता, हे आपल्याला कधीच कळत नाही. परंतु तो असतो.

दुसरा दरवाजा मुलाखतीच्या बोलावण्याचा. या टप्प्यावर न जाणाऱ्याचे स्वतःचे फारसे नुकसान होत नाही आणि राज्याच्या यादीतील त्याचा हक्क अबाधित राहतो. प्रवासाचा, पुण्यातील मुक्कामाचा खर्च वाचतो आणि हाती असलेला वेळ राज्याच्या फेऱ्यांकडे देता येतो. विचारपूर्वक नकार देण्याची शेवटची सोयीची जागा म्हणजे हीच.

तिसरा दरवाजा निवडीनंतरचा. गुणवत्ता यादीत नाव आल्यानंतर नकार दिल्यास प्रतीक्षा यादीतील पुढच्या उमेदवाराला संधी मिळते. मात्र तोवर त्याने अन्यत्र शुल्क भरलेले, मूळ कागदपत्रे दिलेली, कदाचित वसतिगृहात सामानही नेलेले असते. एका घरातील उशिराच्या निर्णयामुळे दुसऱ्या चार घरांची घडी विस्कटते.

चौथा दरवाजा रुजू झाल्यानंतरचा. येथे बंधपत्राच्या अटी लागू होतात. महाविद्यालय सोडण्याच्या मुदती व त्यापोटी भरावयाच्या रकमा पुस्तिकेत दिलेल्या असतात. या वेळचा नकार कुटुंबाला कर्जाच्या खाईत लोटू शकतो. शिवाय एकाच वेळी दोन ठिकाणी प्रवेश राखता येत नसल्याने, राज्याच्या फेऱ्या संपलेल्या असतील तर विद्यार्थ्याचे संपूर्ण वर्षही वाया जाते.

सारांश, नकार द्यावयाचाच असेल तर तो दुसऱ्या दरवाजापर्यंत द्यावा.

नकार केव्हा योग्य?

पहिले व सर्वांत सबळ कारण म्हणजे विद्यार्थ्याची स्वतःची अनिच्छा. आईवडिलांना शुल्कमाफीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क न झेपणाऱ्या कुटुंबाला तर हा मोठाच आधार वाटतो. परंतु वर्दीतील शिस्त, वारंवार होणाऱ्या बदल्या आणि घरापासूनचा दुरावा हे मुलाला वा मुलीला मनापासून मान्य नसेल, तर केवळ शुल्क वाचते म्हणून पाठविणे हे पुढील अनेक वर्षांवर लादलेले ओझे ठरते.

दुसरे कारण, आधीच निश्चित झालेला वेगळा मार्ग. समजा, मराठवाड्यातील एका विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातच प्रसूतिगृह काढावयाचे आहे. त्याच्या गुणांवरून व मागील वर्षांच्या फेऱ्यांतील शेवटच्या गुणांवरून जवळच्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळण्याची रास्त खात्री आहे. घरी वृद्ध आजी-आजोबांची जबाबदारीही आहे. अशा विद्यार्थ्याने बोलावणे नाकारले तर त्यात संधी गमावली असे मानण्याचे कारण नाही. त्याने स्वतःचे ध्येय ओळखले आहे.

तिसरे कारण, शारीरिक पात्रतेतील स्पष्ट व न सुधारणारा दोष. उंची, वजन, दृष्टी, श्रवणशक्ती, जुन्या शस्त्रक्रिया वा अस्थिभंग यांविषयीचे निकष ठरलेले असतात. मात्र हा निर्णय अंदाजाने घेऊ नये. चष्मा आहे एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. त्याच्या क्रमांकाची मर्यादा पाहावी लागते. जादा वजन किंवा दातांची कीड यांसारखे दोष वेळेत दूर करता येतात. पुस्तिकेतील निकष हाती घेऊन जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्यावे. तज्ज्ञाने स्पष्ट ‘नाही’ म्हटल्यास पुण्याची खेप वाचवावी.

चौथे कारण, तारखांचा संघर्ष. पुण्यातील प्रक्रियेला एकाहून अधिक दिवस लागू शकतात. त्याच दिवसांत राज्याच्या फेरीत मिळालेल्या जागेवर प्रत्यक्ष हजर राहण्याची अखेरची मुदत येत असेल, तर दोहोंपैकी काय महत्त्वाचे हे आधी ठरवावे लागते. हाती आलेली, पसंतीची जागा सोडून अनिश्चित निवडीमागे धावणे शहाणपणाचे नव्हे. उलट हाती आलेली जागा न परवडणाऱ्या शुल्काची असेल, तर मुलाखतीचे पारडे जड होते.

नकार केव्हा अयोग्य?

नकाराची काही कारणे मात्र केवळ भीतीतून किंवा गैरसमजातून निर्माण होतात. ती ओळखून दूर करणे हे शिक्षकांचे व गावातील जाणत्या मंडळींचे काम आहे.

‘आमच्या घराण्यात कोणी लष्करात नाही’ हे कारण होऊ शकत नाही. या निवडीला वंशपरंपरा लागत नाही.

‘इंग्रजी जमणार नाही’ हे दुसरे कारण. ‘नीट’ आता मराठीसह १३ भाषांतून देता येते, पण येथील भाषाचाचणी इंग्रजीतून असते, हे खरे आहे. तथापि विज्ञान शाखेतून इतके गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांच्या वाचनाने व सरावाने ही उणीव बरीचशी भरून काढता येते. कनिष्ठ महाविद्यालयातील इंग्रजीच्या अध्यापकाने रोज एक तास दिला तरी फरक पडतो. मुलाखतीत अस्खलित उच्चारांपेक्षा सरळ, प्रामाणिक आणि विचारपूर्वक दिलेले उत्तर उपयोगी पडते. आपल्या गावातील पाणी, रोगराई, शेती यांविषयी ज्याला नीट बोलता येते, त्याने संकोच बाळगू नये.

‘मुलीला सैन्यात कसे पाठवायचे?’ हा प्रश्न तर आजही अनेक घरांत उंबरठ्यावर उभा असतो. समजा, विदर्भातील एका शेतकऱ्याच्या मुलीचे नाव यादीत आले आहे. तिची जाण्याची तीव्र इच्छा आहे. नातेवाईक मात्र म्हणतात की साडेपाच वर्षे लग्न करता येणार नाही आणि नंतर बदलीची नोकरी. येथे नकार कोणाचा आहे, हे पाहिले पाहिजे. मुलीचा असेल तर तो मान्य करावा. भावकीचा असेल तर मुख्याध्यापिकेने, सरपंचांनी घरी जाऊन बोलावे. वर उल्लेखिलेल्या अधिकाऱ्यांची उदाहरणे सांगावीत. यादीत असलेल्या मोजक्या ३० जागांपैकी एकीसाठी आपल्या गावची मुलगी लायक ठरू शकते, ही गोष्ट लग्नाच्या बोलणीपेक्षा लहान नाही.

आणखी एक गैरसमज आरक्षणाविषयी आहे. ही केंद्राची संस्था असल्याने राज्याच्या यादीतील आरक्षणाची विभागणी येथे जशीच्या तशी लागू नसते. राज्यात आपल्या प्रवर्गातून मिळणारी जागा आणि येथील संभाव्य जागा यांची तुलना करताना हे विसरू नये.

पाच प्रश्न

निर्णय घेताना कुटुंबाने एकत्र बसून पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. सैन्यातील डॉक्टर होण्याची इच्छा विद्यार्थ्याची आहे की इतरांची?

२. सेवेची मुदत, विवाहाविषयीची अट आणि बंधपत्राची चालू रक्कम घरातील सर्वांनी वाचली आहे काय?

३. शारीरिक निकषांची पडताळणी तज्ज्ञाकडून झाली आहे काय?

४. राज्याच्या फेऱ्यांत कोणती जागा मिळणे संभवनीय आहे आणि तिचे शुल्क परवडणारे आहे काय?

५. येथे निवड झाली आणि राज्यातही पसंतीची जागा मिळाली, तर आपण कोणती घेऊ?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर ‘राज्यातील जागा’ असे निःसंदिग्ध असेल व ती जागा मिळणार हेही जवळजवळ निश्चित असेल, तर बोलावणे नाकारणेच प्रशस्त. उत्तर ‘पुण्याची जागा’ असेल, तर खर्चाची, प्रवासाची वा भाषेची अडचण नकाराचे कारण होऊ देऊ नये. उत्तर ठरतच नसेल, तर मुलाखतीस जावे. मात्र गुणवत्ता यादी लागण्यापूर्वी मन निश्चित करण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे.

शिक्षक, पंचायत व अधिकारी यांचे साह्य

कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीच्या वर्षीच या पर्यायाची माहिती द्यावी, म्हणजे नोंदणीच्या घाईत आंधळेपणाने पर्याय निवडला जाणार नाही. मागील वर्षाची माहितीपुस्तिका वर्गात वाचून दाखविणे सहज शक्य आहे. मात्र अंतिम निर्णय चालू वर्षाच्या पुस्तिकेवरूनच व्हावा. माहितीचे अधिकृत मार्ग वैद्यकीय समुपदेशन समिती, स्वतः महाविद्यालय आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष हेच होत. ‘ओळखीने काम करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून पालकांना सावध करावे.

महसूल व समाजकल्याण यंत्रणेतील अधिकाऱ्यांनी अधिवास, जात, उत्पन्न आदी दाखले आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळतील याकडे लक्ष द्यावे. राज्यातील जागेची खात्रीच या कागदांवर अवलंबून असते. ती खात्री नसेल तर विद्यार्थी मुलाखतीविषयी मोकळ्या मनाने विचार करू शकत नाही. ज्या कुटुंबाला पुण्याचा प्रवास व मुक्काम परवडत नाही, त्याला गावातून हातभार लावणे हीही ग्रामपंचायत सदस्यांना अशक्य गोष्ट नाही.

नकार म्हणजे उद्धटपणा नव्हे आणि स्वीकार म्हणजे केवळ मानही नव्हे. शांतपणे माहिती घेऊन, योग्य वेळी घेतलेला नकार प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या कोणासाठी वाट मोकळी करून देतो. तसाच विचार करून दिलेला होकार देशाच्या सेवेला एक डॉक्टर देतो. दोन्हींत विद्यार्थ्याचे हित आहे. अट एकच, की निर्णय त्याचा असावा आणि तो वेळेवर झालेला असावा.